बिनरेलच्या गाडीवरचा कॅरियर सारखा मागे सरकतोय? पाना बाजूला ठेवा, आधी टेप आणा

आमची गाडी साधी हॅचबॅक. टप एकदम गुळगुळीत, ना रेल ना भोकं, कंपनीनं कॅरियरचा विचारच केलेला नाही. दोन वर्षांपूर्वी गणपतीला कोकणात जायचं म्हणून दाराच्या चौकटीत हूक अडकवून बसतो तो कॅरियर घेतला, दुकानदारानं अर्ध्या तासात बसवला, हाताने हलवून दाखवला, म्हणाला "गाडी हलेल पण हा नाही हलायचा". पुण्याहून निघालो, कराडला चहाला थांबलो तेव्हा ठीक होता, कुंभार्ली उतरून चिपळूणला आलो आणि बघतो तर मागचा बार (कॅरियरची आडवी दांडी) चांगला चार बोटं मागे गेलेला, वर तिरका.

आता अशा वेळी माणूस काय करतो? आवळतो. मीही आवळला. परत येताना पुन्हा सरकला, पुन्हा आवळला. पुढच्या ट्रिपला आणखी जोर लावून आवळला, ॲलन कीला (बोल्ट आवळायची षटकोनी किल्ली) पाइपचा तुकडा लावून. असं चार वेळा झालं आणि चौथ्या वेळी दोन नवीन गोष्टी मिळाल्या, एक म्हणजे टपाच्या कडेला अंगठ्याएवढा पोचा आणि दुसरी म्हणजे पावसात मागच्या सीटवर बसलेल्या आईच्या खांद्यावर थेंब थेंब पाणी. कॅरियर तरी थांबला का, तर नाही, तो सरकतच होता.

तेव्हा कुठे डोक्यात आलं की हा बोल्ट सैल असण्याचा प्रॉब्लेमच नाहीये, आणि तुमचाही कॅरियर दर ट्रिपला सरकत असेल तर बहुतेक तुमचाही नाही.

आधी थोडं मागे जाऊ, कारण याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या गाड्यांना टपाच्या दोन्ही कडांना पन्हळ असायची, पत्र्याचीच, पावसाचं पाणी वाहून न्यायला. ॲम्बेसेडर, पद्मिनी, ओम्नी, जिप्सी सगळ्यांना. बोलेरोला तर अजून तिथेच क्लॅम्प लावतात. त्या पन्हळीला चार-सहा क्लॅम्प मारले की कॅरियर बसला, मग त्यावर ट्रंक टाका नाहीतर गादी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीवरचा कॅरियर आठवा, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या पण त्यांच्या टपावरून अख्खे संसार दादर-सीएसटीहून घरी गेलेत. ती पन्हळ सरळ असते, सगळीकडे सारखी असते, म्हणून तिथे अक्कल लावावी लागत नाही. नव्या गाड्यांना ती नाही. काहींना वर रेल असतात, काहींना टपाच्या कडेच्या काळ्या रबरी पट्टीखाली किंवा छोट्या झाकणाखाली आटे असलेली भोकं असतात (हे खरंच एकदा बघून घ्या, काही गाड्यांत असतात आणि मालकाला पाच वर्षं पत्ता नसतो), आणि उरलेल्या आपल्यासारख्यांना काहीच नाही. मग एकच जागा राहते, दार उघडल्यावर वर जी चौकटीची कड दिसते, तिथे हूक अडकवायचा आणि वरचा पाय टपावर दाबायचा. म्हणजे कॅरियर टपाला कुठे जोडलेला नसतो, तो दोन्ही बाजूंनी टपाला चिमटा काढून बसलेला असतो. चिमटा हा शब्द लक्षात ठेवा.

एक इशारा मधेच देतो, नाहीतर विसरेन. बाजारात चांदीच्या रंगाच्या रेल मिळतात, त्या टपाला दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवलेल्या असतात, दिसायला झकास. त्या शोभेच्या आहेत. त्यांना कॅरियर लावू नका. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकानं चिकटवल्यात की कंपनीच्या बोल्टने बसवलेल्या आहेत ते आधी बघा.

तर मूळ मुद्दा. गाडीचा टप वरून बघितलात तर तो चौकोन नसतो. मधल्या खांबापाशी सगळ्यात रुंद आणि मागे जाताना निमुळता. गच्चीवरून खाली पार्किंगमधल्या गाड्या बघा, लगेच दिसेल. आता तुमचा मागचा बार चिमटा काढून बसलाय आणि खड्ड्यांनी, वाऱ्याने तो दोन मिलिमीटर मागे गेला, तर तिथे टप दोन मिलिमीटरपूर्वी होता त्याहून अरुंद आहे, म्हणजे चिमटा सैल झाला. सैल झाला म्हणून अजून सरकला, सरकला म्हणून अजून सैल झाला. बोल्ट जिथल्या तिथे आहे, एक आटासुद्धा फिरलेला नाही, तरी कॅरियर ढिला. मी बोल्टवर पांढऱ्या पेंटची खूण करून बघितलं होतं, खूण जागच्या जागी आणि बार तीन बोटं मागे.

माझ्याकडे झालं होतं असं की दुकानदारानं पुढचा आणि मागचा, दोन्ही बार सारख्याच लांबीला सेट केले होते. त्याला घाई, मला अक्कल नाही. टेप लावून मोजलं तेव्हा कळलं की पुढचा बार जिथे बसतो आणि मागचा जिथे बसतो त्या दोन जागी माझ्या गाडीच्या टपाच्या रुंदीत जवळजवळ साडेतीन सेंटीमीटरचा फरक आहे. म्हणजे मागचे दोन्ही पाय बाहेर फाकलेले, रबराचा तळवा पूर्ण टेकलेलाच नाही, नुसती आतली कड टेकलीय. अशात तुम्ही जेवढं आवळाल तेवढा सगळा जोर त्या एका कडेवर जातो, पकड वाढत नाही आणि पत्रा मात्र बसतो. माझा पोचा नेमका त्या कडेच्या खालीच आला होता.

तुमच्या गाडीत काय चाललंय ते शोधायला वर्कशॉपला जायची गरज नाही. चारही पायांच्या पुढे आणि मागे टपावर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवा, पायाला अगदी टेकवून, आणि पन्नासेक किलोमीटर गाडी चालवून या, निम्मी हायवेला आणि निम्मी खराब रस्त्याला (खराब रस्ता शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही). मग बघा कोण हललंय. फक्त मागचे दोन हललेत तर माझ्यासारखं रुंदीचं माप चुकलंय. एकच पाय हललाय तर त्या पायाखाली धूळ किंवा वॅक्स आहे नाहीतर तिथला हूक चौकटीच्या पत्र्याला न लागता रबरी बीडिंगवर चढून बसलाय, हे फार होतं, बीडिंग दबतं तेव्हा हाताला घट्ट लागतं आणि दोन दिवसांनी रबर बसलं की सैल. चारही पाय सारखेच मागे गेलेत तर सामान नाहीतर वेग जास्त होतोय, त्यावर खाली बोलतो. आणि पाय कोणताच हलला नाही पण वरची जाळी किंवा बॉक्स सरकलाय, तर बारवरचे यू-बोल्ट बघा, टपाचा यात काही दोष नाही.

आता मी काय केलं ते. कॅरियर पूर्ण उतरवला. टपाची कड, चौकटीची आतली कड आणि पायांचे रबरी तळवे शाम्पूच्या पाण्याने धुतले आणि कोरडे पुसले, पॉलिश बिलिश काही नाही. पॉलिश केलेल्या टपावर रबर साबणासारखं घसरतं, आणि आपण नेमकं ट्रिपच्या आदल्या दिवशी गाडी चकाचक करून आणतो! तळवे बसतात तिथे टपावर पेंटला लावतात ती पारदर्शक फिल्म लावून घेतली, मोबाइलच्या स्क्रीनगार्डसारखी पण जाड, कारण तळव्याखाली बारीक वाळू अडकली की ती महिनाभरात पॉलिश पेपरचं काम करते.

मग माप. किटबरोबर कागद असतो, तो बहुतेक लोक (आणि सगळे दुकानदार) फेकून देतात. त्यात तुमच्या मॉडेलसाठी पुढच्या बारचा आणि मागच्या बारचा आकडा वेगवेगळा दिलेला असतो, आणि पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून पहिला बार किती अंतरावर आणि तिथून दुसरा किती, तेही असतं. कागद नसेल आणि तुमचा कॅरियर कुठल्याही गाडीला बसेल अशा प्रकारातला असेल तर थोडं हाताने करावं लागतं. बार ठेवायच्या जागी टपावर टेप आडवी धरून एका चौकटीच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा, पुढे आणि मागे वेगळं मोजा, दोन्ही पाय बारच्या टोकांपासून सारख्या अंतरावर येतील असे लावा आणि बोल्ट न आवळता नुसता कॅरियर टेकवून खाली वाकून बघा, तळवा आणि पत्रा यांच्या मधून उजेड दिसतोय का. उजेड दिसला की माप चुकलं. माझ्या मागच्या पायाखालून तर एटीएम कार्ड सरळ आत जात होतं.

तळव्याचा आकारच तुमच्या टपाच्या उताराशी जुळत नसेल तर मात्र मापाने काही होणार नाही. तिथे मॉडेलनुसार मिळणारं फिटिंग किट घ्यावं लागतं, म्हणजे त्या गाडीच्या उताराप्रमाणे घडवलेला रबरी तळवा आणि त्या चौकटीसाठी वाकवलेला हूक. बार जुनेच चालतात. मी शेवटी हेच घेतलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी घेतलं असतं तर पोचा काढायचे डेंटिंगवाल्याचे पैसे वाचले असते. लोक सायकलच्या ट्यूबचे तुकडे खाली घालतात, मीही घातले होते, एका उन्हाळ्यात ते वितळल्यासारखे होऊन टपाला चिकटले, ते डाग अजून आहेत.

आवळताना एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं करू नका. बार त्या बाजूला ओढला जातो. डावा थोडा, उजवा थोडा, परत डावा. माझ्या किटच्या कागदावर ४ न्यूटन मीटर लिहिलंय, म्हणजे दहा सेंटीमीटरच्या ॲलन कीच्या टोकाला साधारण चार किलोचा जोर, बस. हे फार कमी आहे! दोन बोटांनी होतं. मी पाइप लावून किती जोर लावत होतो ते आता आठवलं तरी लाज वाटते. तुमच्या कागदावरचा आकडा वेगळा असेल, तो पाळा. बरोबर बसलंय की नाही याची परीक्षा अशी की पाय धरून गदागदा हलवा, अख्खी गाडी सस्पेन्शनवर हलली पाहिजे, एकटा कॅरियर नाही. दुकानदारानेही हेच केलं होतं म्हणा, पण तेव्हा मी बारचा मधला भाग हलताना बघत होतो, पायाशी बघितलंच नाही.

बसवल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर एकदा थांबून पुन्हा किल्ली लावून बघा. रबर बसतं, म्हणून बोल्ट थोडा फिरतो, ते नॉर्मल आहे. दुसऱ्या वेळीही फिरला तर काहीतरी चुकलंय, तेव्हा गपगुमान आवळून पुढे जाऊ नका.

आता पाण्याचं. हूक दाराच्या रबरामधून जातो, म्हणजे दार बंद केल्यावर तिथे रबर थोडं उचललं जाणारच, चांगल्या हुकाची पट्टी पातळ असते म्हणून रबर तिला गुंडाळून घेतं. जाड हूक असेल, किंवा माझ्यासारखा तिरका ओढला गेला असेल, तर शेजारी फट राहते. शोधायचं कसं, तर कागदाची पट्टी किंवा दहाची जुनी नोट रबर आणि चौकटीच्या मध्ये धरून दार लावा आणि ओढा. हूक नसलेल्या जागी ओढून बघा, मग हुकाच्या दोन्ही बाजूंना. जिथे नोट लोण्यासारखी बाहेर येते तिथून पाणी येणार. मग पाइपने टपावर नुसतं पाणी सोडा, प्रेशर मारू नका, प्रेशरने चांगल्या दारातूनही पाणी जातं आणि उगाच घाबरायला होतं. माझं गळणं माप सुधारल्यावर ऐंशी टक्के गेलं, उरलेलं हूक एक सेंटीमीटर पुढे घेतल्यावर गेलं कारण आधी तो मागच्या दाराच्या वळणावर येत होता. सिलिकॉन लावून फट बुजवायचा सल्ला बरेच जण देतात. लावू नका, दार उघडलं की निघतो आणि रबर खराब करून ठेवतो.

आवाजाचं थोडक्यात. ६०-७० च्या पुढे शिट्टी येत असेल तर बहुतेक बारची टोपणं पडलीत किंवा बारच्या वरची खाच उघडी आहे, त्यातली रबरी पट्टी लावा. चौकोनी लोखंडी बार असतील तर घोंघाट येणारच, पुढच्या बारला नायलॉनची दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळा, अंतर ठेवून, बराच कमी होतो. पट्टा फडफडत असेल तर त्याला एक पीळ द्या. एवढंच.

वजनावर मात्र थांबायला हवं, कारण चारही पाय मागे जातात ते इथे. गाडीच्या पुस्तकात टपावर किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं, माझ्या गाडीचं ५० किलो आहे, आणि हे कॅरियर धरून. माझे बार ५ किलो, वरची जाळी ११, उरले ३४. जाताना दोन बॅगा, ठीक. येताना सासऱ्यांनी नारळ भरले. सोललेला नारळ अर्ध्या किलोच्या आसपास धरला तर साठ नारळ म्हणजे ३० किलो, त्यावर तांदळाचं पोतं, त्यावर कोकमाची बरणी, आणि "अहो टपावर तर जागा आहे की" हे वाक्य. जावयाला नाही म्हणता येत नाही हे मला मान्य, पण पोतं डिकीत घ्या आणि कपड्यांच्या बॅगा वर टाका, हलकं आणि फुगीर वर, जड खाली. जोरात ब्रेक मारला की वरच्या सामानाच्या वजनाच्या पाऊणपट तरी जोर पुढे ढकलत असतो आणि तो सगळा त्या चार तळव्यांनी धरायचा असतो. वाऱ्याचं तर त्याहून वाईट, वेग दीडपट झाला की वाऱ्याचा जोर सव्वादोनपट होतो, म्हणजे ६० ला जे शांत बसलेलं आहे ते ९० ला तसंच बसेल असं धरून चालू नका. मी कॅरियर असताना ८० च्या वर जात नाही. ताडपत्रीचं पुढचं तोंड उघडं ठेवलं तर ती शिडासारखी फुगते, तिथे पहिला पट्टा मारा. आणि प्लायवूड, शिडी असलं लांब काही असेल तर पुढून बंपरखालच्या टोइंगच्या हुकाला दोरी बांधल्याशिवाय निघूच नका. बंजी कॉर्ड ताणली जाते, ती ताडपत्री धरायला ठीक, सामान धरायला रॅचेटचा पट्टाच हवा.

"एवढं करण्यापेक्षा टपाला भोकं पाडून एकदाच फिट करून टाक" हे मला निदान पाच जणांनी सांगितलं, त्यातला एक फॅब्रिकेटर होता, त्याची ड्रिल मशीन हातातच होती. मी नाही केलं. टपाचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, नुसत्या पत्र्यात रिव्हेट नट (भोकात दाबून बसवायचा आट्याचा नट) मारून त्यावर ३० किलो टाकले तर खड्ड्यात तो भाग पत्र्याच्या डब्यासारखा वरखाली होतो आणि भोकाभोवती तडे जातात. मारायचंच तर आतलं लायनिंग उतरवून टपाखालच्या आडव्या पट्ट्या कुठे आहेत ते बघून, आत जाड प्लेट देऊन मारावं लागतं. दारांच्या वर आत पडद्यासारखी एअरबॅग गुंडाळून ठेवलेली असते अशा गाडीत कडेला ड्रिल लावणं म्हणजे सरळ सरळ जीवाशी खेळ आहे. भोकाच्या उघड्या कडेला प्रायमर कोणी लावत नाही, वर कोणीतरी व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन भरतं, त्यातल्या ॲसिडनेच गंज सुरू होतो, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत पुढचं काम दोन पावसाळ्यांत होतं. भरायचं तर पॉलियुरेथेन सीलंट. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे, उद्या इन्शुरन्सच्या क्लेमला सर्वेअर टपावरची भोकं बघून काय म्हणेल ते तुम्हीच बघा. माल वाहायचीच गाडी असेल, रोजचं काम असेल तर वेगळी गोष्ट. वर्षातून तीन ट्रिपांसाठी नाही.

वर्षातून एकदाच लागत असेल तर हवा भरायचे रॅक मिळतात, त्यांचा पट्टा दोन्ही दारांतून गाडीच्या आतून फिरवायचा असतो. उन्हाळ्यात एकदम मस्त, घडी करून डिकीत जातात. पावसात मात्र तो पट्टा वातीसारखा पाणी ओढून आत आणतो आणि बरोबर डोक्यावर सोडतो. व्हॅक्यूमने चिकटणारे पण आहेत, मित्राने सायकलसाठी घेतलेत, तो दर थांब्याला कप तपासतो आणि धुळीच्या रस्त्यावर दर अर्ध्या तासाला, मला एवढा धीर नाही.

नवीन किट लागल्यापासून माझ्या दोन ट्रिपा झाल्या, एक कुंभार्लीने आणि एक आंबा घाटाने. मास्किंग टेप अजून लावतो. पुढचे पाय जागेवर, मागचा डावा दुसऱ्या वेळी एक मिलिमीटर हललेला होता, त्या दाराला माझा मुलगा लोंबकळतो. ट्रिप संपली की कॅरियर उतरवून ठेवतो, ॲलन की ग्लोव्हबॉक्समध्ये असते, आणि उतरवताना डावा पाय कुठला उजवा कुठला हे स्केचपेनने लिहून ठेवा, पुढच्या वेळी रात्री अकरा वाजता पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात बसवायचं असतं.

सासऱ्यांना साठच्या ऐवजी तीस नारळ सांगितलेत. त्यांनी पन्नास दिले, वीस पायाशी ठेवले.